हलत्या जाहिरातीतलं अक्षर पुसट का होतं?



आधी मागच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगते. आजचा धडा मला त्या गोष्टीनेच शिकवला.

आपल्या प्रभागातल्या एका गटाने वाळवणाचं काम घेतलं होतं. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, शेवया. माल एक नंबर. गटाच्या अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, "मॅडम, मोबाइलवर ते हलतं-डुलतं चित्र येतं बघा, तसं आमच्या कुरडईचं करा की." मी हौसेने एका रात्रीत वीस सेकंदांची हलती जाहिरात तयार केली. गटाच्या छापील कार्डाचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर पडून होता. तोच ताणून मोठा केला आणि शेवटी लावला. कार्ड खालून हळूहळू वर सरकत यायचं. मला वाटलं, काय झकास दिसतंय!

जाहिरात पन्नासेक ग्रुपवर गेली. लोकांनी अंगठे दाखवले, हात जोडले. फोन मात्र फारसे येईनात. पुढे आठवडी बाजारात एक शिक्षिका बाई ताईंना भेटल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या नंबरवर दोनदा फोन लावला. कुणीतरी पुरुष माणूस उचलतो आणि राँग नंबर म्हणतो." ताई तडक माझ्याकडे आल्या, मोबाइल पुढे धरला आणि म्हणाल्या, "ह्यो तीन हाय का आठ, तुमीच सांगा."

मी बघितलं. जाहिरात माझीच, पण मलाही सांगता येईना.

तोवर मृग लागला होता. दमट हवेत वाळवण ठेवायचं म्हणजे बुरशीची भीती. उरलेला माल ताईंनी पडत्या भावाने दुकानदाराला देऊन टाकला. गटातलं कुणी मला एक शब्द बोललं नाही. तेच मला जास्त लागलं.

मी समाजकार्य शिकलेली. पंचसूत्री सांगते, दप्तर तपासते, बँकेत तुमच्यासोबत येते. पण हलतं चित्र कसं करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग एका रविवारी शहरात जाहिराती बनवणाऱ्या मैत्रिणीकडे जाऊन बसले आणि माझी जाहिरात तिच्यापुढे ठेवली. तिने एकेक चूक दाखवली. पाच निघाल्या. आता आपल्या बऱ्याच गटांतल्या मुली, सुना मोबाइलवर जाहिराती करायला लागल्या आहेत. माझ्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून त्या पाचही इथे मांडते.

पडदा म्हणजे मॅटीचं कापड

तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी शाळेत असताना मॅटीच्या कापडावर फुल्यांचं भरतकाम केलं असेल. त्या कापडावर घरं मोजून भरायचं असतं. एका घरात एक फुली. सुई घराच्या कोपऱ्यातून नेमकी निघाली तर फुली ठसठशीत येते. सुई मध्येच कुठेतरी घुसली तर फुली वाकडी होते आणि पुढची ओळही बिघडते.

मोबाइलचा पडदा असाच आहे. तो बारीक बारीक घरांचा बनलेला असतो. एका घराला पिक्सेल म्हणतात. एका घरात एका वेळी एकच रंग भरता येतो. अर्धं घर काळं आणि अर्धं पांढरं, असं करता येत नाही. तुम्ही तसं मागितलंत तर काय होतं? पडदा मधला मार्ग काढतो आणि ते अख्खं घर करडं करतो. अक्षराच्या कडेला अशी करडी घरं भरमसाठ झाली की आपण म्हणतो, अक्षर पुसट दिसतंय.

स्टेटसला किंवा रीलला आपण जी उभी जाहिरात करतो, तिचं माप बहुधा १०८० घरं रुंद आणि १९२० घरं उंच असं असतं. गुणाकार करून पाहा, २० लाख ७३ हजार ६०० घरं होतात. आणि चित्र हलतं दिसावं म्हणून सेकंदाला साधारण ३० चित्रं एकामागून एक दाखवली जातात. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे दर सेकंदाला ३० वेळा नव्याने भरतकाम होतं. त्या प्रत्येक वेळी अक्षर नेमक्या घरात बसलं, तर ते स्वच्छ दिसतं.

थर म्हणजे काय?

पूजेची मांडणी डोळ्यापुढे आणा. चौरंग, त्यावर वस्त्र, वस्त्रावर ताट, ताटात वाटी. वाटी सरकवली तरी चौरंग हलत नाही. जाहिरातीतही असंच असतं. सगळ्यात खाली पार्श्वभूमी, तिच्यावर पापडाचा फोटो, त्यावर नाव, त्यावर नंबर. या प्रत्येकाला थर म्हणतात. इंग्रजीत लेयर. कॅनव्हासारख्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये थर असतात आणि शहरातले जाहिरातवाले आफ्टर इफेक्ट्स वापरतात त्यातही असतात. प्रत्येक थराला स्वतःचं माप, स्वतःची जागा आणि स्वतःची हालचाल देता येते. म्हणून कुठला थर पुसट झालाय, हेही वेगवेगळं शोधता येतं. अख्खी जाहिरात खराब झाली म्हणून हताश व्हायचं कारण नाही.

आता माझ्या पाच चुका.

पहिली चूक : लहान चित्र ताणून मोठं केलं

कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला होता. त्यातलं गटाचं चिन्ह जेमतेम २०० घरं रुंद असेल. मी ते ताणून ६०० केलं. रुंदी तिप्पट, उंचीही तिप्पट. म्हणजे जिथे एक घर होतं तिथे नऊ घरं भरायची वेळ आली. नवीन माहिती आणणार कुठून? ॲप शेजारच्या घरांचा रंग पसरवून ती घरं भरतं. वाटीभर पिठात हंडाभर पाणी घातल्यावर जसं होतं, तसं ते चिन्ह पातळ झालं.

उपाय सोपा आहे. थर आहे त्या मापाचा किंवा त्याहून लहान करून वापरायचा, ताणायचा नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये थराच्या मापापुढे टक्के दिसतात, ते १०० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. फोटो हळूहळू मोठा होत पुढे येताना दाखवायचा असेल, तर शेवटी तो किती मोठा होणार, ते आधी मोजायचं. पूर्ण पडद्याचा फोटो सव्वापटीच्या जवळ न्यायचा, समजा १२० टक्के, तर मूळ फोटो निदान १२९६ घरं रुंद हवा. कारण १०८० गुणिले १.२ म्हणजे १२९६. आजकालच्या मोबाइलचा कॅमेरा याहून खूप मोठा फोटो काढतो. तेव्हा मूळ फोटो कॅमेऱ्यातून घ्यायचा, व्हॉट्सॲपवर फिरून आलेला घ्यायचा नाही. स्क्रीनशॉट तर नकोच.

खाण्याच्या मालाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असतो. पाकीट जवळून दाखवणार असाल तर तोही वाचता आला पाहिजे. फोटो ताणला की पहिल्यांदा असे बारीक अंक जातात.

आणि गटाचं नाव, गाव, नंबर हे फोटोतून कधीच घेऊ नका. ॲपमध्ये नव्याने टाइप करा. टाइप केलेलं अक्षर म्हणजे ॲपसाठी एक आकृती असते. ते कितीही मोठं केलं तरी ॲप ते नव्याने रेखून काढतं, म्हणून फाटत नाही. मी तो नंबर टाइप केला असता, तर निम्मी अडचण तिथेच संपली असती.

दुसरी चूक : थर अर्ध्या घरात बसवला

हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. म्हणून सावकाश वाचा.

जाहिरात १०८० घरं रुंद, तर तिचा मध्य ५४० वर. माझ्याकडचा एक थर होता ३०१ घरं रुंद. तो मी बरोबर मध्यभागी ठेवला. ३०१ चं निम्मं १५०.५. मग त्याची डावी कड कुठे आली? ५४० वजा १५०.५, म्हणजे ३८९.५ वर. अर्ध्या घरात! उजवी कडही तशीच. दोन्ही बाजूंनी कडा करड्या झाल्या. थर ३०० घरं रुंद केला की डावी कड ३९० वर येते आणि काम चोख होतं.

म्हणून नियम लक्षात ठेवा. जाहिरातीचं माप सम संख्येत असेल तर मध्यभागी ठेवायच्या थराचं मापही सम संख्येतच हवं. आणि जागेचे आकडे पूर्ण हवेत, त्यात टिंबानंतर काही नको. संगणकावर कॅनव्हा उघडलं तर 'पोझिशन'मध्ये थराचे एक्स आणि वाय असे आकडे दिसतात. एक्स म्हणजे डावीकडून किती घरं, वाय म्हणजे वरून किती घरं. तिथे ३८९.५ दिसलं तर ३९० टाइप करायचं. आफ्टर इफेक्ट्समध्ये थर निवडून पी दाबलं की जागेचे आकडे समोर येतात. तिथे फक्त एवढं ध्यानात ठेवा, की तो आकडा साधारणपणे थराच्या मध्यबिंदूचा असतो. बोटाने ओढून ठेवलेला थर बहुधा अर्ध्यामुर्ध्या घरात अडकतो. ओढा खुशाल, पण नंतर आकडा नीट करा.

बारीक रेघांना याचा फटका जास्त बसतो. एका घराची रेघ अर्ध्या घरात ठेवली की ती दोन घरांत निम्मी निम्मी पसरते. काळी रेघ जाड आणि फिकी दिसायला लागते. आपल्या मराठी अक्षराला तर डोक्यावर शिरोरेषाच असते! लहान अक्षरात ती रेघ एक-दोन घरांची. ती दोन घरांच्या मध्ये पडली की अख्खा शब्दच धुरकट वाटतो. अनुस्वाराचा ठिपका आधी गायब होतो. 'आंबा'चा 'आबा' होतो. तेव्हा थराची जागा पूर्ण आकड्यावर ठेवा आणि तरीही शिरोरेषा फिकी वाटली, तर अक्षराचा आकार एक-दोन अंकांनी कमी-जास्त करून पाहा. एका ठिकाणी ती नेमकी घरात बसते.

अक्षर निवडतानाही जाडसर, सरळ वळणाचं निवडा. मुंबईच्या एक टाइपने तयार केलेली मुक्त आणि बलू ही देवनागरी वळणं गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. वेलांट्या-उकारांची बारीक नक्षी लग्नपत्रिकेत शोभते, पण दोन बोटांच्या पडद्यावर ती गळून जाते.

थर दोन-तीन अंशांनी तिरका करणं हीसुद्धा अशीच गोष्ट. सरळ कडा घरांच्या रेघेवर बसते, तिरक्या कडेला पायऱ्या पडतात. तिरकं करायचंच असेल तर फूल, तोरण, नक्षी तिरकी करा. नंबर सरळच राहू द्या.

तिसरी चूक : वाचायचं अक्षर हळूहळू सरकवलं

आपल्याला वाटतं, हळू सरकलं म्हणजे नीट वाचता येईल. होतं उलटं.

हिशेब बघा. सेकंदाला ३० फ्रेम. तीन सेकंदांच्या ९० फ्रेम. थर तीन सेकंदांत ९० घरं सरकवला तर दर फ्रेमला तो एक घर पुढे जातो. प्रत्येक वेळी नेमक्या घरात. पण मी कार्ड तीन सेकंदांत फक्त ३० घरं सरकवलं होतं. म्हणजे दर फ्रेमला घराचा एक तृतीयांश. तीन फ्रेमपैकी एकदाच ते घरात बसायचं, बाकी दोनदा मध्येच लोंबकळायचं. डोळ्याला ते कसं दिसतं? कडा लुकलुकतात, अक्षर थरथरतं. समईची वात वाऱ्यात हलावी तसं.

यावर तीन मार्ग आहेत. एक, थर सरकवायचाच असेल तर झटकन आणा आणि जिथे थांबवायचा ती जागा पूर्ण आकड्यावर ठेवा. सरकताना कुणी वाचत नाही, थांबल्यावर वाचतं. दोन, सरकवण्याऐवजी अक्षर हळूच उमटू द्या, ॲपमध्ये त्याला फेड म्हणतात. उमटताना अक्षर जागा सोडत नाही, म्हणून स्वच्छ राहतं. तीन, हालचालीची हौस मागच्या फोटोवर भागवा. तळणीत कुरडई फुलताना दिसू द्या, वाफ वर जाऊ द्या, पापडाची चवड हलू द्या. नाव आणि नंबर देवासारखे एका जागी बसू द्या.

चौथी चूक : हिरव्यावर लाल अक्षर

मी हिरव्या पार्श्वभूमीवर लाल पट्टी घातली होती. नऊवारीसारखं खुलून दिसेल वाटलं. ॲपमध्ये बरं दिसत होतं, पण व्हिडिओ तयार झाल्यावर लालाच्या कडा फिस्कटल्या.

कारण असं, की नेहमीचा व्हिडिओ साठवताना उजेड-अंधार प्रत्येक घराचा वेगळा नोंदवतात, पण रंग मात्र चार घरांना मिळून एकच नोंदवतात. दोन आडवी, दोन उभी अशी चार घरं. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तेवढा टिपत नाही, म्हणून जागा वाचवायला ही युक्ती केलेली आहे. फोटोत ते खपून जातं. पण लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद असतील, तर अक्षर फक्त रंगाच्या फरकावर उभं राहतं आणि तो फरक चार-चार घरांत मिसळून जातो.

म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांत उजेड-अंधाराचा फरक ठेवा. गडद जांभळ्यावर पांढरं, पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर गडद निळं. खात्री करायची असेल तर फोटो कृष्णधवल करून बघा. कृष्णधवलमध्ये अक्षर वाचता आलं, तर रंगीतमध्येही येईल. आणि खाली फोटो असेल तर अक्षरामागे एका रंगाची पट्टी द्या.

पाचवी चूक : मापं बदलत गेले आणि परत परत चढवत गेले

मी जाहिरात लहान मापात केली होती, ७२० बाय १२८०. नंतर कुणीतरी म्हणालं मोठी कर, म्हणून १०८० बाय १९२० करून काढली. हे दीडपट झालं. एका घराचं दीड घर कसं बसणार? नीट बसवलेले सगळे थर पुन्हा अर्ध्या घरात गेले. म्हणून पहिल्या दिवशी माप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. व्हिडिओ बाहेर काढतानाही तेच निवडा.

चिन्हाची फाइल कुठल्या प्रकारची आहे, तेही बघा. पीएनजीमध्ये चिन्हाच्या कडा स्वच्छ राहतात आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. जेपीजी फोटोसाठी चांगली, पण अक्षराभोवती मात्र ती माशा बसल्यासारखे डाग सोडते.

आणि शेवटचं व्हॉट्सॲप. तिथे फोटो-व्हिडिओ चढवताना फाइल लहान करण्यासाठी दाबली जाते. एकदा दाबलेली गॅलरीतून काढून, कापून, पुन्हा चढवली की पुन्हा दाबली जाते. स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवली तर आणखी वाईट. उसाच्या चिपाडातून दुसऱ्यांदा रस काढण्यातला प्रकार. तेव्हा मूळ व्हिडिओ गटाच्या एका मोबाइलमध्ये वेगळा जपून ठेवा. दुसऱ्या गटाला किंवा छापणाऱ्याला द्यायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो जसाच्या तसा पोहोचतो. नवीन ठिकाणी टाकायचा तर नेहमी त्या मूळ फाइलवरूनच टाका.

पंधरा सेकंदांची आखणी

आता हे सगळं जोडून एक जाहिरात कशी बसवायची ते पाहू. उदाहरण कुरडईचंच घेते.

० ते ४ सेकंद : तेलात कुरडई फुलते. पूर्ण पडदाभर. मोबाइल हातात न धरता डब्याला टेकवून, खिडकीच्या उजेडात चित्रण करा. हालचाल हवी तेवढी.

४ ते ९ सेकंद : पाकिटाचा फोटो, शेजारी एका रंगाच्या पट्टीवर तीन ओळी. मालाचं नाव, वजन, किंमत. ओळी एकापाठोपाठ एक उमटतात, सरकत नाहीत.

९ ते १५ सेकंद : गटाचं नाव, गाव, फोन नंबर. साधी पार्श्वभूमी. हे सहा सेकंद काहीच हलत नाही. फूलसुद्धा नाही.

सहा सेकंद पडदा स्तब्ध ठेवायचा म्हणजे सुरुवातीला जिवावर येतं. वाटतं, कंटाळवाणं होईल. पण ज्या बाईला नंबर लिहून घ्यायचा आहे, ती कागद-पेन शोधतेय हे लक्षात घ्या. नंबरचे दहा अंक पाच-पाचच्या दोन भागांत लिहा. एकेक अंक निदान ८० घरं उंच ठेवा, तेवढी जागा १०८० च्या रुंदीत आरामात होते. इंग्रजी आकड्यांत तीन-आठ आणि एक-सात, मराठी आकड्यांत १ आणि ९, या जोड्या पुसट झाल्या की फसवतात. त्या डोळ्यांत तेल घालून तपासा.

आणि व्हिडिओ पाठवताना त्याच्याखाली नंबर मजकूर म्हणून टाइप करायला विसरू नका. त्यावर बोट टेकवलं की तिथूनच फोन लावता येतो. हे मी त्या वेळी केलं असतं, तर पाच चुका असूनही माल गेला असता.

वहीची परीक्षा

जाहिरात तयार झाली की लगेच पाठवायची नाही. आपल्यालाच नंबर पाठ असतो, त्यामुळे आपल्याला तो पुसट असला तरी दिसतो. ज्या बाईने जाहिरात पाहिलेली नाही, अशा एकीला बोलवा. गटातला सगळ्यात जुना, चरा पडलेला मोबाइल घ्या. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून त्यावर पाठवा आणि अंगणात, उन्हात उभं राहून तिला एकदाच दाखवा. हातात वही द्या. गटाचं नाव, किंमत आणि नंबर तिने लिहायचा. वहीतला नंबर बरोबर निघाला तर जाहिरात पास. एक अंक जरी चुकला, तरी परत कामाला बसायचं.

चष्मा लागलेल्या आजींनाही एकदा दाखवा. त्यांना वाचता आलं तर तालुक्याला कुणालाही वाचता येईल.

लक्षात ठेवा

१. नाव-नंबर टाइप करा, फोटोतून घेऊ नका.
२. थर १०० टक्क्यांवर ताणू नका.
३. जागेचे आकडे पूर्ण ठेवा. मध्यभागी ठेवायच्या थराचं माप सम ठेवा.
४. चित्र हलू दे, वाचायचं अक्षर थांबू दे.
५. उजेड-अंधाराचा फरक ठेवा.
६. एकच माप सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मूळ फाइल जपून ठेवा.
७. वहीची परीक्षा झाल्याशिवाय पाठवू नका.

गटाच्या बैठकीत करून पाहा

• आपल्या गटाची जुनी जाहिरात किंवा फोटो काढा आणि वहीची परीक्षा घ्या. किती जणींनी नंबर बरोबर लिहिला?
• वरच्या पाचपैकी कोणती चूक त्यात सापडली?
• मूळ फोटो आणि गटाचं चिन्ह आत्ता कुणाच्या मोबाइलमध्ये आहे? तो मोबाइल बिघडला तर दुसरीकडे ठेवलंय का?
• गटातल्या कुठल्या मुलीला किंवा सुनेला हे काम शिकायला आवडेल? तिच्या वेळेचा मोबदला गटाने कसा धरायचा?

शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. पापड लाटणारीला आपण मजुरी धरतो, पण रात्री जागून जाहिरात करणाऱ्या मुलीचं काम फुकटात जातं. एक-एक थर मोजून बसवायला वेळ लागतो, डोळे दुखतात. ठरावात नोंद करून तिलाही धरा.

आता त्या गटाचं पुढे काय झालं ते सांगते. दिवाळीच्या आधी आम्ही चकलीच्या भाजणीची नवीन जाहिरात केली. या वेळी मी एकटीने केली नाही. ताईंची सून शेजारी बसली आणि आकडे तिने भरले. ३८९.५ दिसलं की ती मला आधी टोकायची. वहीच्या परीक्षेला शेजारच्या आजी बसल्या. पहिल्यांदा त्यांचा एक अंक चुकला. आम्ही अक्षर मोठं केलं, पट्टी गडद केली. दुसऱ्यांदा दहाच्या दहा बरोबर.

जाहिरात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा मला फोन आला. तालुक्याहून कुणीतरी दोन किलो भाजणी मागितली होती. किती पैसे मिळणार, हे त्यांनी आधी सांगितलंच नाही. पहिलं वाक्य होतं, "मॅडम, तीनच दिसला बगा त्यास्नी!"

तुमच्या गटाची जाहिरात केलीत तर मला नक्की दाखवा. येताना वही घेऊन येते.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक